गिटारच्या श्रेणी-परीक्षांची तयारी

म्हैसूर हे वीणेचे शहर म्हणून संगीतप्रेमींना परिचित आहे. वीणा शेषण्णा (१८५२–१९२६) यांच्यापासून दोरेस्वामी अय्यंगार (१९२०–१९९७) यांच्यापर्यंत वैणिकांची एक थोर परंपरा या शहरात नांदली. परंतु याच शहराच्या राजवाड्यात पाश्चात्त्य संगीताचाही तितक्याच गांभीर्याने अभ्यास होत असे, ही गोष्ट फारशी सर्वश्रुत नाही. नाल्वडी कृष्णराज वडियार (१८८४–१९४०) यांच्या पदरी कर्नाटक संगीतातील विद्वानांच्या जोडीला पाश्चात्त्य वाद्यवृंदही होता. त्यांचे पुतणे आणि उत्तराधिकारी जयचामराजेंद्र वडियार (१९१९–१९७४) हे तर स्वतः उत्तम पियानोवादक होते. लंडनच्या गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिकची ‘लायसेन्शिएट’ ही पदविका त्यांनी मिळवली होती. १९४५ मध्ये लंडनच्याच ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

म्हणजेच पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांची जी शिडी आज भारतातील हजारो मुले चढत आहेत, तिच्या वरच्या टोकापर्यंत म्हैसूरचा एक राजा आठ दशकांपूर्वीच पोहोचला होता. आजचा विद्यार्थी राजवाड्यातला नाही. तो मध्यमवर्गीय घरातला आहे, त्याच्या हाती बहुधा पियानोऐवजी गिटार आहे, आणि शाळेचा अभ्यास सांभाळून त्याला दिवसाकाठी जेमतेम पाऊण तास सरावासाठी मिळतो. या परीक्षा नेमके काय तपासतात, त्यांची तयारी कशी करावी आणि त्या पार करूनही काय मिळवावयाचे उरते, हे प्रश्न त्याच्या व त्याच्या पालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार केला आहे.

प्रारंभीच एक खुलासा करावयास हवा. ‘शास्त्रीय गिटार’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून धातूचा दांडा सरकवीत राग वाजविण्याची पद्धत ब्रिजभूषण काब्रा यांनी रूढ केली व विश्वमोहन भट्ट यांनी ती जगभर पोहोचविली. येथे ती पद्धत अभिप्रेत नाही. सहा नायलॉनच्या तारा असलेल्या, केवळ बोटांनी वाजविल्या जाणाऱ्या आणि युरोपीय अभिजात रचनांसाठी योजलेल्या गिटारचा येथे विचार आहे.

परीक्षांची परंपरा

ट्रिनिटी कॉलेजची स्थापना लंडनमध्ये १८७२ साली झाली आणि १८७७ पासून संस्थेबाहेरील विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेण्यास तिने सुरुवात केली. आज हे काम ‘ट्रिनिटी कॉलेज लंडन’ या नावाची स्वतंत्र संस्था पाहते. १८८९ मध्ये ‘असोसिएटेड बोर्ड’ हे दुसरे परीक्षामंडळ उभे राहिले. या परीक्षांमागील कल्पना साधी होती. खेड्यापाड्यांत आणि दूरच्या देशांत शिकविणाऱ्या शिक्षकांपाशी आपले विद्यार्थी कोठवर आले आहेत हे पडताळण्याचे साधन नव्हते. एकच अभ्यासक्रम, एकच मोजमाप आणि अनोळखी परीक्षक या तीन गोष्टींनी ती उणीव भरून काढली.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. योगायोग असा की, ट्रिनिटीच्या स्थापनेच्या वर्षीच, म्हणजे १८७२ साली, कुरुंदवाड येथे विष्णू दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या निधनाच्या वर्षी, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रवेशिका’, ‘मध्यमा’, ‘विशारद’, ‘अलंकार’ या परीक्षा महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहेत. कर्नाटकातही कर्नाटक संगीतासाठी ‘ज्युनियर’, ‘सीनियर’ आणि ‘विद्वत्’ अशा परीक्षा घेतल्या जातात.

परीक्षा नव्हत्या तेव्हाही पायऱ्या होत्याच. कर्नाटक संगीताचा विद्यार्थी प्रथम सरळी वरसे शिकतो, मग जंट वरसे, अलंकार, गीत, वर्ण आणि त्यानंतर कृती. या पाठक्रमाचे श्रेय परंपरेने सोळाव्या शतकातील पुरंदरदासांना दिले जाते. ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेने पदे रचणाऱ्या या संताचे पंढरपूरशी असलेले नाते मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. फरक इतकाच की, त्या पाठक्रमात पुढची पायरी केव्हा चढावयाची हे गुरू ठरवीत असे. श्रेणी-परीक्षेत ते परीक्षक ठरवितो. हा फरक लहान नाही, आणि तयारीतील बहुतेक अडचणी याच फरकातून उद्भवतात.

गुणांचे गणित

ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात एक प्रारंभिक आणि त्यापुढील आठ अशा एकूण नऊ श्रेणी आहेत. वयाची अट नाही, आणि खालची श्रेणी उत्तीर्ण असल्याशिवाय वरची देता येत नाही असेही नाही. परीक्षा शंभर गुणांची असते. तीन रचना वाजवावयाच्या असतात व प्रत्येकीला २२ गुण असतात. स्वरमाला, अर्पेजिओ म्हणजे स्वरसंघाचे स्वर एकामागून एक वाजविणे, आणि तंत्राचे छोटे पाठ यांना मिळून १४ गुण असतात. उरलेले २० गुण दोन पूरक चाचण्यांना, प्रत्येकी १०, असे विभागलेले असतात. पाचव्या श्रेणीपर्यंत या दोन चाचण्या चार पर्यायांतून निवडता येतात : पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजविणे, श्रवणचाचणी, उपज आणि संगीताचे सामान्य ज्ञान. सहाव्या श्रेणीपासून स्वरलिपिवाचन सक्तीचे होते. उत्तीर्ण होण्यास ६०, गुणवत्तेसाठी ७५ आणि विशेष प्रावीण्यासाठी ८७ गुण लागतात.

असोसिएटेड बोर्डाची परीक्षा १५० गुणांची असून तीत १०० गुणांना उत्तीर्ण, १२० ला गुणवत्ता आणि १३० ला विशेष प्रावीण्य अशी मोजणी आहे. त्या मंडळाच्या सहाव्या आणि त्यावरील श्रेणींसाठी संगीतसिद्धान्ताची पाचवी श्रेणी किंवा तिला समकक्ष परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावी लागते.

या आकड्यांत एक धडा दडलेला आहे. ट्रिनिटीच्या परीक्षेत तिन्ही रचनांना मिळून ६६ गुण आहेत. तेव्हा ज्याने वर्षभर त्या तीन रचनाच घोटल्या आणि बाकी काही केले नाही, तोही प्रत्येक रचनेत २० गुण मिळवून केवळ त्यांच्या बळावर उत्तीर्ण होऊ शकतो. परंतु त्याला विशेष प्रावीण्य मिळू शकत नाही. रचनांत पैकीच्या पैकी गुण मिळाले, असे गृहीत धरले तरी ८७ चा आकडा गाठण्यास उरलेल्या ३४ पैकी २१ गुण लागतात. म्हणजेच उत्तीर्ण होणे हे पाठांतराने साधू शकते. उत्तम ठरण्यासाठी मात्र वाचन, कान आणि तंत्र यांचा आधार लागतोच.

प्रत्येक रचनेचे २२ गुणही एकगठ्ठा दिले जात नाहीत. अचूकता व ओघ यांना सात, तंत्रावरील प्रभुत्वाला सात आणि भाव पोहोचविणे व अर्थ उलगडणे यांना आठ, अशी त्यांची वाटणी आहे. एकही स्वर न चुकविता परंतु निर्जीवपणे वाजविणाऱ्याचे गुण याच तिसऱ्या भागात कमी होतात. पालकांना हा निकाल पुष्कळदा अनाकलनीय वाटतो. मुलाची चूक तर कोठेच झाली नाही, मग गुण का गेले, असे ते विचारतात. चूक न होणे ही संगीताची सुरुवात आहे, शेवट नव्हे, हेच या गुणवाटपातून सुचविले आहे.

वाद्य आणि हात

गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावलेल्या असतात. तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी बहुधा ६५० मिलिमीटर असते आणि बाराव्या पडद्यावर ती बरोबर निम्मी, ३२५ मिलिमीटर होते. तेथे स्वर एक सप्तक वर जातो. पडद्यांमधील अंतरे सारखी नसतात. दांडीच्या वरच्या टोकाशी पहिला पडदा सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरवर असतो, तर बाराव्या पडद्यानंतरचे अंतर याच्या निम्मे असते. त्यामुळे नवशिक्याला जेथून सुरुवात करावयाची असते, नेमके तेथेच बोटे सर्वांत अधिक फाकवावी लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण आकाराची गिटार देणे हा त्याच्या हातावर अन्याय होय. पाऊण किंवा निम्म्या आकाराचे वाद्य त्याच्यासाठी योग्य असते.

वाद्याच्या लाकडाशी म्हैसूरचा एक वेगळाच संबंध आहे. गिटारच्या ध्वनिपेटीची मागची व बाजूची फळी पूर्वी ब्राझीलमधील शिसवाची करीत. त्या झाडाची बेसुमार तोड झाल्यामुळे १९६० च्या दशकापासून त्याची निर्यात आखडली, आणि १९९२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आले. त्याची जागा भारतीय शिसवाने घेतली. कन्नडमध्ये याला ‘बीटे’ म्हणतात. कर्नाटक-केरळच्या पश्चिम घाटातील ज्या शिसवावर म्हैसूरचे कारागीर जडावाचे काम करतात, तेच लाकूड जगभरच्या उत्तम गिटारींच्या पाठीला लागलेले असते. पाश्चात्त्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वाद्यात भारतीय अरण्याचा असा वाटा आहे.

हाताच्या बाबतीतही वीणेच्या शहराला काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. वीणेच्या मुख्य तारा उजव्या हाताच्या तर्जनी व मध्यमेने छेडल्या जातात. गिटारवरही एकेरी सुरावट वाजविताना हीच दोन बोटे आळीपाळीने चालतात. त्यांच्या जोडीला अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो व अनामिका वरच्या तारेवर येते. या चार बोटांना त्यांच्या स्पॅनिश नावांवरून पी, आय, एम, ए अशा खुणा दिलेल्या आहेत. आघात दोन प्रकारचे असतात. एकात बोट तार छेडून शेजारच्या तारेवर टेकते आणि स्वर भरदार निघतो. दुसऱ्यात ते तार छेडून मोकळे राहते व शेजारच्या तारेचा नाद तुटत नाही. कोणता आघात कोठे योजावा यावर रचनेचे सौंदर्य पुष्कळसे अवलंबून असते.

परंतु साम्य येथेच संपते. वीणेचा आत्मा गमकात आहे. पडद्यावर तार ओढून एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाणे हे तिचे वैशिष्ट्य होय. युरोपीय अभिजात रचनेत मात्र स्वर लिहिल्या जागी स्थिर राहावा लागतो आणि सौंदर्य साधावयाचे ते अनेक स्वर एकाच वेळी, वेगवेगळ्या वजनाने वाजवून. वीणेच्या संस्कारात वाढलेल्या मुलाचा कान एका सुरावटीचा सूक्ष्म मागोवा घेण्यात तयार असतो. एकाच हाताने खर्ज, मधला भराव आणि वरची सुरावट अशा तीन प्रवाहांचा तोल राखणे ही त्याच्यासाठी नवी गोष्ट असते. शिक्षकाने तयारीच्या पहिल्या महिन्यांत याच गोष्टीवर भर द्यावयास हवा.

बसण्याची रीतही दुर्लक्षिण्याजोगी नाही. डावा पाय छोट्या पायटावर टेकून गिटार डाव्या मांडीवर घेतली की, दांडी वर उचलली जाते व डाव्या मनगटाला मुरड पडत नाही. बोट पडद्याच्या अगदी मागे टेकल्यास थोड्या दाबाने स्वच्छ स्वर निघतो. ते पडद्यापासून दूर राहिले तर दुप्पट जोर लावूनही तार खरखरते. मनगटात किंवा दंडात वेदना होऊ लागल्यास सराव तत्काळ थांबवावा. वेदना सोसून केलेला सराव हा निष्ठेचा पुरावा नसून चुकीच्या पद्धतीची सूचना असते.

तयारीचे वर्ष

तयारीचा प्रारंभ रचनांच्या निवडीपासून होतो. अभ्यासक्रमाच्या यादीत निरनिराळ्या काळांतील रचना असतात. फर्नांदो सोर (१७७८–१८३९), माउरो जुलियानी (१७८१–१८२९) आणि मात्तेओ कार्कासी यांनी अभ्यासासाठी लिहिलेल्या छोट्या रचना अनेक पिढ्यांनी वाजविल्या आहेत. जुलियानीचे उजव्या हाताचे १२० पाठ तर दोन शतके उलटूनही शिक्षकांच्या संग्रही असतात. फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) याच्या रचनांत स्पॅनिश भावगीताची छाया आढळते. क्यूबाचा लिओ ब्रौवर (जन्म १९३९) याच्या अभ्यासरचनांत विसाव्या शतकाचा ताल ऐकू येतो. तीन रचना स्वभावाने भिन्न असाव्यात. त्यांपैकी एक विद्यार्थ्याच्या आजच्या कुवतीत असावी, दुसरी थोड्या श्रमाने साधणारी असावी आणि तिसरी त्याला मनापासून आवडणारी असावी. तिन्ही रचना केवळ शिक्षकाच्या सोयीच्या निवडल्या, तर सहाव्या महिन्यात विद्यार्थ्याचे मन उडते.

सरावाच्या बाबतीत एक तत्त्व सर्व वाद्यांना लागू पडते. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा आठवड्यात सहा दिवस वीस-वीस मिनिटे बसणे अधिक लाभदायक ठरते. एकूण वेळ तितकाच असतो. परंतु दोन सरावांमधील विश्रांतीत आणि विशेषतः झोपेत शिकलेल्या हालचाली मनात पक्क्या होत असतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. दिवसाच्या पाऊण तासाची विभागणी अशी करता येईल : दहा मिनिटे स्वरमाला व तंत्र, वीस मिनिटे रचना, दहा मिनिटे नवे वाचन, आणि उरलेली पाच मिनिटे मनाला येईल ते वाजविणे. ही शेवटची पाच मिनिटे काटकसरीत सर्वांत प्रथम कापली जातात. वस्तुतः ती कधीच कापू नयेत.

रचना बसविताना प्रत्येक वेळी पहिल्या स्वरापासून सुरुवात करण्याची सवय घातक असते. तिच्यामुळे पहिल्या ओळी शंभर वेळा वाजतात व अवघड शेवट दहा वेळाच वाजतो. त्याऐवजी रचनेचे चार-पाच तुकडे पाडावेत व कधी शेवटच्या तुकड्यापासून मागे यावे. अवघड जागा इतक्या संथ लयीत वाजवावी की तेथे चूक होणे अशक्य व्हावे. लय वाढवावयाची ती त्यानंतर, थोडी थोडी. चुकीची हालचाल दहा वेळा केली की हात तीच शिकतो. हाताला बरोबर आणि चूक यांतील भेद कळत नाही. तो केवळ पुनरावृत्ती ओळखतो.

पाठांतराचेही असेच आहे. केवळ बोटांना आठवणारी रचना घरी निर्विघ्न वाजते, पण परीक्षकासमोर एका ठिकाणी अडली की पुढे जात नाही. म्हणून तुकड्यांच्या आरंभीच्या जागा स्वतंत्रपणे लक्षात ठेवाव्यात. गिटार हाती न घेता मनातल्या मनात पूर्ण रचना ऐकता येते काय, हे अधूनमधून तपासावे. जी रचना वाद्याशिवाय आठवते तीच खऱ्या अर्थाने पाठ झालेली असते.

वाचन आणि कान

भारतीय विद्यार्थी सर्वाधिक घाबरतो तो न पाहिलेली स्वरलिपी वाचून वाजविण्याला. हे स्वाभाविक आहे. आपल्याकडे विद्या मुखातून कानाकडे येते. कागद हा स्मरणापुरता असतो. युरोपीय परंपरेत रचना कागदावर जन्मते. परीक्षक एक छोटा उतारा समोर ठेवतो, पाहण्यास अर्धा मिनिट देतो आणि मग तो वाजवावयास सांगतो.

गिटारवर ही चाचणी पियानोपेक्षा एका कारणाने अधिक अवघड ठरते. पियानोवर लिहिलेल्या एका स्वरासाठी एकच पट्टी असते. गिटारवर तोच स्वर अनेक जागी सापडतो. मोकळ्या पहिल्या तारेचा ई हाच स्वर दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर, तिसऱ्या तारेच्या नवव्या पडद्यावर आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. वाचकाला स्वर ओळखून भागत नाही. तो कोठे घ्यावा, हेही क्षणात ठरवावे लागते. यावर उपाय एकच : रोज थोडे, आपल्या श्रेणीपेक्षा दोन पायऱ्या सोपे, परंतु नवे काहीतरी वाचणे. मिळालेल्या अर्ध्या मिनिटात प्रथम ताल व स्वरपट्टी पाहावी, सर्वांत अवघड मात्रा हेरावी आणि तिला झेपेल तीच लय सबंध उताऱ्यासाठी धरावी. एखादा स्वर चुकला तरी थांबू नये. तालात राहून चुकलेला स्वर क्षम्य मानला जातो. तुटलेला ताल मात्र खटकतो.

कानाच्या बाबतीत हाच विद्यार्थी सहसा पुढे असतो. हाताने ताल धरून गाण्याची सवय ज्याला लहानपणापासून आहे, त्याला ऐकलेल्या ओळीचे वजन सांगणे किंवा तिच्यातील बदल ओळखणे जड जात नाही. उपजेचीही भीती त्याला वाटू नये. दिलेल्या चौकटीत तत्काळ स्वर मांडणे ही तर आपल्या संगीताची रोजची रीत आहे. त्याने शिकावयाचे ते एवढेच की, येथे चौकट रागाची नसून स्वरसंघांच्या क्रमाची आहे.

परीक्षेचा दिवस

परीक्षेच्या खोलीत होणारी घबराट ही दुबळेपणाची खूण नव्हे. तिची तालीमही आधी करता येते. अखेरच्या महिन्यात घरच्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर किंवा शाळेतील मित्रांसमोर तिन्ही रचना न थांबता वाजवाव्यात. चुकले तरी पुढे जाण्याचा सराव हाच खरा सराव होय.

तारा अगदी आदल्या दिवशी बदलू नयेत. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणत राहतात आणि सूर उतरतो. पावसाळ्यात लाकूड ओल शोषते व उन्हाळ्यात कोरडे पडते, यामुळेही सूर हलतो. खोलीत शिरण्यापूर्वी व शिरल्यावरही सूर तपासावा. पाचव्या पडद्यावरील स्वराशी पुढची मोकळी तार जुळविण्याची जुनी रीत, केवळ तिसऱ्या तारेसाठी पाचव्याऐवजी चौथा पडदा घेऊन, प्रत्येक विद्यार्थ्याला यावयास हवी. सूर जुळविण्यास लागणारा वेळ कोणताही परीक्षक नाकारीत नाही. हात गार असतील तर ते चोळून ऊबदार करावेत. वादन चालू असताना परीक्षक कागदावर काही लिहीत राहतो. ते चुकांचे टिपण असते असे समजून विद्यार्थी बिचकतात. तो चांगल्या गोष्टीही लिहून घेत असतो.

२०२० मधील महासाथीनंतर ध्वनिचित्रमुद्रण पाठवून परीक्षा देण्याची सोय दोन्ही मंडळांनी केली. असोसिएटेड बोर्डाच्या अशा वादन-परीक्षेत चार रचना एका सलग मुद्रणात वाजवाव्या लागतात. प्रत्येकीला ३० आणि एकूण सादरीकरणाला ३० गुण असतात. मोठ्या शहरातील केंद्रापर्यंत प्रवास करणे ज्यांना कठीण होते, त्यांना हा मार्ग सोयीचा ठरला आहे. मात्र मुद्रण पुन्हा पुन्हा करता येते म्हणून तयारी ढिली पडण्याचा धोकाही त्यात आहे.

शिडी आणि माडी

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आठ श्रेणी, प्रत्येक श्रेणीत तीन रचना. विद्यार्थ्याने दर वर्षी एक श्रेणी पार केली आणि परीक्षेबाहेर काहीच वाजविले नाही, तर आठ वर्षांच्या शेवटी त्याच्यापाशी चोवीस रचना असतील, आणि त्यांपैकी जुन्या वीस तो विसरलेला असेल. त्याच्याकडे प्रमाणपत्रे असतील, परंतु घरी पाहुणे आले असता वाजवावयास काही नसेल. ही कल्पना अतिशयोक्त वाटेल, पण परीक्षेलाच अभ्यासक्रम मानण्याचा तो सरळ परिणाम आहे. यावर तोडगा आहे. दोन श्रेणींमध्ये काही महिन्यांचे अंतर ठेवावे. त्या काळात सोप्या रचना मोठ्या संख्येने वाजवाव्यात, दुसऱ्या वाद्यांबरोबर साथ करावी, इतरांचे ऐकावे. अभ्यासक्रम ही किमान मर्यादा आहे. तिला कमाल मानणारा शिक्षक विद्यार्थ्याला उत्तीर्ण करतो, परंतु वादक घडवू शकत नाही.

या संदर्भात जयचामराजेंद्र वडियारांचे उदाहरण पुन्हा आठवते. वादक होण्याची त्यांची आकांक्षा होती. १९४० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, राज्यकारभार अंगावर आला आणि तो मार्ग बंद झाला. त्यांच्या पदविकेचा व्यावहारिक उपयोग जवळजवळ संपला. परंतु तिच्यामागील अभ्यासाने घडलेला कान शिल्लक होता. रशियन संगीतकार निकोलाय मेटनर (१८८०–१९५१) हे लंडनमध्ये उपेक्षित आणि आजारी अवस्थेत दिवस काढीत होते. त्यांच्या रचनांचे मोल या दूरच्या राजाने ओळखले आणि त्या ध्वनिमुद्रित करण्याचा खर्च उचलला. मेटनर यांनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांना अर्पण केला. १९४८ मध्ये लंडनच्या फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष झाले. २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड स्ट्राउस यांची ‘चार अखेरची गीते’ प्रथमच सादर झाली, तेव्हा त्या मैफलीच्या खर्चाची हमी महाराजांनी घेतली होती. आणि म्हैसूरमध्ये त्यांनी स्वतः कर्नाटक संगीतात ९४ कृती रचल्या.

यांतील एकाही गोष्टीला कोणत्या परीक्षेत गुण नव्हते. तरीही परीक्षेसाठी केलेल्या कष्टांशिवाय यांतील बहुतेक गोष्टी घडल्या नसत्या. परीक्षेचा उपयोग आणि तिची मर्यादा या दोन्ही येथे एकत्र दिसतात. प्रत्येक मूल राजा नसते आणि प्रत्येकाने वादक व्हावे, अशी अपेक्षाही नाही. परंतु शाळा, महाविद्यालय आणि नोकरी यांच्या रेट्यात ज्याची गिटार पुढे कपाटावर जाईल, त्याच्याही मनात शिकलेल्या वर्षांचे काहीतरी उरावयास हवे. एखादी रचना संपूर्ण आठवावी, दुसऱ्याचे वादन ऐकताना त्यातील बारकावा कळावा, आणि पुष्कळ वर्षांनी वाद्य पुन्हा हाती घेतले तर बोटांना वाट सापडावी. शिडी वर चढण्यासाठी असते, तिच्यावर राहण्यासाठी नसते. जो विद्यार्थी प्रत्येक पायरीवर थोडा वेळ केवळ आनंदासाठी वाजवितो, तो परीक्षेत सहसा मागे राहत नाही, आणि परीक्षा संपल्यावरही त्याचे वादन थांबत नाही.